बेकरीच्या नव्या बॉक्सवर 'सन १८७३ पासून' छापायचं म्हणतायत, पण ते साल खरं आहे का?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमची सांगलीत बेकरी आहे, नाव इथं टाकत नाही, मारुती रोडच्या बाजूला आहे एवढंच सांगतो, ज्यांना माहितीय ते ओळखतीलच. आजोबांनी चालू केली, मग वडील आणि तात्या (थोरले चुलते), आणि आता तात्यांचा मुलगा बघतो. मी पुण्यात नोकरीला आहे पण दिवाळीच्या आधी पंधरा दिवस रजा टाकून भट्टीवर असतो म्हणजे असतोच, कॉलेजपासून एकही वर्ष चुकलेलं नाही.

आता दुकान नव्यानं करायचं चाललंय. नवीन बोर्ड, नवीन बॉक्स, पिशव्या सगळं. आणि भावाचं म्हणणं आहे की सगळ्यावर 'सन १८७३ पासून' असं छापायचं. महिनाअखेर प्रेसवाल्याला मजकूर द्यायचाय. मला हे काही केल्या पटत नाहीये पण माझ्याकडं ठोस काही नाही त्यामुळं घरात नुसती वादावादी होते.

१८७३ कुठून आलं ते सांगतो. २०१९ च्या पुरात दुकानात छतापर्यंत पाणी होतं, आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं तेव्हाची गोष्ट. २००५ ला पण आलं होतं पण तेव्हा काउंटरच्या वरचं वाचलं होतं, यावेळी काहीच नाही. लायसनच्या फायली, आजोबांच्या हातच्या वह्या, फोटो, सगळ्याचा लगदा झाला. पाणी उतरल्यावर आम्ही खोऱ्यानं गाळ काढत होतो तेव्हा त्यातून आजोबांच्या फोटोची नुसती फ्रेम आली, आत काही नव्हतं. वाचलं ते फक्त राहत्या घराच्या माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात होतं तेवढं. त्यात दोन वस्तू.

एक, छापील पावत्यांचं अर्धवट वापरलेलं पुस्तक. वर बेकरीचं नाव, खाली 'सांगली, जि. द. सातारा' आणि रकाने 'रु. आ. पै.' असे. कुठंही तारीख नाही, भरलेली पानं फाडून नेलेली, कोरी तेवढी राहिलीत.

दुसरी, एक लांबट वही, लाल कापडी पुठ्ठ्याची. दिवाळीला लोक आपापलं सामान आणून नानकटाई, बिस्किटं भाजून न्यायचे त्याची ही नोंद. पहिलं पान जसंच्या तसं उतरवतो:

श्री गजानन प्रसन्न
१८७३ आश्विन व. ९
मास्तरीणबाई – मैदा २ शेर, साखर १ शेर, डालडा २ रत्तल – ४ पत्रे
पोस्टातले – मैदा १ शेर, रवा १ शेर, तूप घरचे – ४ पत्रे
वखारवाले – ११ पत्रे – डबे ३ – उधार
दवाखान्यातल्या बाई – ३ पत्रे – बिनअंड्याचे

पत्रे म्हणजे भट्टीत सरकवायचे ट्रे, आमच्यात अजून तोच शब्द आहे.

तर ते वरचं १८७३ बघून भाऊ म्हणतो बेकरी दीडशे वर्षांची आहे. पण आजोबांचा जन्म १९२४ चा, आणि पणजोबा हळदीच्या वखारीत तोलायला होते असं वडील सांगतात, त्यांचा नि भट्टीचा काही संबंध नव्हता. जुन्या बोर्डावर 'स्थापना १९५५' असं होतं ते मला लहानपणापासून आठवतंय. तात्या म्हणतात की ५५ पण बरोबर नाही, त्याच्या आधीपासून होती, पण किती आधी ते त्यांना सांगता येत नाही. वडलांना विचारलं तर म्हणतात 'तुम्ही पोरं काय ते ठरवा'.

जुन्या कागदांमधलं कुणाला कळत असेल तर कृपया सांगा. मला खोटं छापायचं नाहीये. आणि खरं काय ते आजोबांसाठी तरी कळायलाच पाहिजे असं मनापासून वाटतंय.

जुने_कागद

तुमच्या घरात भांडण लावणारा आकडा शक आहे हो, इसवी सन नाही!

जो माणूस 'आश्विन व. ९' अशी तिथी लिहितो तो साल पण त्याच हिशोबानं लिहितो. शके लिहायचं राहिलंय किंवा त्या काळात लिहायची गरजच वाटायची नाही, कारण वाचणाऱ्याला कळायचं. शकात ७८ मिळवा, इसवी सन येतं. (जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे, पण इथं आश्विन आहे त्यामुळं तो प्रश्न नाही.) १८७३ अधिक ७८ म्हणजे १९५१. आश्विन वद्य नवमी म्हणजे वसुबारसेच्या दोनतीन दिवस आधी, फराळाची अगदी ऐन घाई. म्हणजे तुमच्या वहीचं पहिलं पान १९५१ च्या दिवाळीचं आहे.

यावर भाऊ म्हणतील कशावरून, तर त्यांना त्याच पानावरचं 'डालडा' दाखवा. डालडा हा ब्रँड बाजारात आला १९३७ ला. १८७३ ला सांगलीतल्या मास्तरीणबाई डालडा आणतील कुठून?

अजून एक. तुम्ही पान सहज वाचून इथं उतरवलंत, म्हणजे ते बाळबोध लिपीत आहे. १८७३ चा व्यापारी हिशोब असता तर तो मोडीत असता आणि तुम्हाला त्यातली एक ओळ लागली नसती.

आता पावतीपुस्तक. मला तर त्याचंच जास्त कौतुक वाटलं, कारण त्यावर तारीख नसून पण ते तारीख सांगतंय. सांगली संस्थान १९४८ ला विलीन झालं, १९४९ ला साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा काढला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली जिल्हा केलं. म्हणजे 'जि. द. सातारा' छापलेला कागद १९४९ ते १९६० मधलाच. पुढचं, रुपये-आणे-पै चे रकाने. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्यानंतर कुणी आण्याचे रकाने छापून घेणार नाही. म्हणजे पुस्तक छापलं १९४९ ते १९५७ च्या दरम्यान. आणि वही १९५१. दोन्ही एकमेकांना धरून आहेत. शेर, रत्तल पण त्यात बसतं, किलो-ग्रॅम आले ते १९५८ पासून पुढं.

राहिला प्रश्न बोर्डावरच्या १९५५ चा. सहसा असं साल कशावरून तरी आलेलं असतं, उगाच कुणी लिहीत नाही. एक तर गुमास्ता लायसन (दुकाने व आस्थापना कायदा १९४८ चा आहे त्यामुळं ते असू शकतं), नाहीतर जागेची खरेदी. तुमचे कागद पुरात गेले तरी सरकारी दप्तरातले असतील. नगर भूमापन कार्यालयातून मिळकतीचं प्रॉपर्टी कार्ड काढा, त्यात जागा कधी कुणाच्या नावावर झाली त्या नोंदी फेरफारासकट असतात. महापालिकेत घरपट्टीच्या जुन्या आकारणीची नोंद मागा, महापालिका १९९८ ची असली तरी आधीच्या नगरपालिकेचं दप्तर तिकडंच असणार. सांगली नगर वाचनालयात जुन्या अंकांत जाहिरात सापडली असती पण त्यांची पण हजारो पुस्तकं त्याच पुरात भिजली, तरी एकदा विचारून बघा.

वहीला आता जपा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवू नका, कोंदट होऊन बुरशी धरते. कापडात गुंडाळा, कोरड्या जागी आडवी ठेवा, आणि सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो आजच काढा.

सातारकर७२

वरच्यांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त १८७३ च्या गोष्टीला एक जोडतो. त्या काळात आपल्याकडं पाव खाणं म्हणजे बाटणं होतं. पाव हा शब्दच पोर्तुगीज, गोव्यातून आलेला, तिकडं माडाची सूर (म्हणजे ताडी) घालून पीठ फुगवायचे, म्हणजे सनातनी घरात तो येणं शक्यच नव्हतं. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतली म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य (जातीतून बहिष्काराचा वाद) झालं, प्रायश्चित्ताचा वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. आणि त्यानंतर साठ वर्षांनी तुमच्या वहीत मास्तरीणबाई, पोस्टातले, वखारवाले सगळे एका भट्टीत बिस्किटं भाजून नेतायत. फक्त दवाखान्यातल्या बाईंनी तेवढं बिनअंड्याचं सांगितलंय. मला त्या एका पानात केवढा तरी मोठा बदल दिसला बघा.

साताऱ्यात आमच्याकडं पण आजी पाव म्हणजे आजारी माणसाचं खाणं समजायची. तापातनं उठलं की दूध-पाव. धडधाकट माणसानं पाव मागितला तर विचारायची, 'का रे, बरं नाही का?'

गावभागातली

मी बहुतेक ओळखली तुमची बेकरी. नाव नाही घेत. माझं माहेर गावभागातलं, आता वय पंच्याहत्तरच्या पुढं आहे, नातीनं मला टायपिंग शिकवलंय त्यामुळं हळूहळू लिहिते, चुका असतील तर समजून घ्या.

आमच्या घरचं दर दिवाळीला तिथंच भाजून यायचं. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून आईबरोबर जायची. आदल्या रात्री आई पितळेच्या परातीत डालडा आणि पिठीसाखर घेऊन बसायची आणि तळहातानं फेसायची, फेसायची, अगदी पांढरं शुभ्र हलकं होईपर्यंत. मग वाटीत पाणी घेऊन त्यात एक थेंब टाकायची, तरंगला की झालं, बुडला की अजून फेस. मला वाटायचं जादू आहे. त्यात मैदा मिसळला की सकाळी पातेलं कापडानं बांधून, रिकामे डबे घेऊन आम्ही भट्टीवर. काही बायका नुसतं सामान आणायच्या आणि तिथंच ओट्यावर बसून मळायच्या.

रांग पहाटेपासून लागायची. प्रत्येक पातेल्यावर एक चिठ्ठी, पत्र्यावर पण तीच चिठ्ठी कोपऱ्यात कणकेनं चिकटवायची म्हणजे भट्टीतून आल्यावर कुणाचं कुणाला जायला नको. तरी बायका डोळ्यात तेल घालून बघत असायच्या. घरच्या तुपाचा पत्रा बाहेर आला की सगळ्या ओट्याला कळायचं, वासच वेगळा. वेलदोडा, जायफळ ज्याचं त्याचं. बदामाचा तुकडा लावायचा का चारोळी यावरून घराची ऐपत कळायची म्हणा. आमची चारोळी असायची.

आणि गरम पत्र्यावरचं बिस्किट लगेच उचलायचं नाही, मोडतं. आम्ही पोरं ते निवायची वाट बघत उभी असायचो आणि तुमचे आजोबाच असणार ते, उंच, खांद्यावर पंचा, ते मोडलेलं एखादं हातावर ठेवायचे. चटका बसायचा पण सोडवत नसे.

आता तुमच्या उपयोगाचं सांगते. आई सांगायची की ही भट्टी आधी इथं नव्हती. खणभागात कुणाच्या तरी परड्यात भाड्याची लहान भट्टी होती, ती लग्न होऊन आली तेव्हा लोक तिकडं जायचे. रेशनिंगचे दिवस होते, साखर मोजून मिळायची, विकतची बिस्किटं परवडायची पण नाहीत, म्हणून ज्याच्या त्याच्या रेशनमधून साठवून ठेवलेलं सामान न्यायचं आणि भाजणावळ तेवढी द्यायची असं सुरू झालं म्हणे. आईचं लग्न १९४९ चं. तेव्हा तात्या म्हणतात ते खरं असणार, ५५ च्या आधीची आहे बेकरी.

एक विचारू का? ती वही कुणाच्या हातची आहे? 'दवाखान्यातल्या बाई', 'मास्तरीणबाई' असं सगळं बायकांच्या नात्यानं लिहिलंय. मला आठवतंय आत एक बाई बसलेल्या असायच्या, नऊवारीतल्या, चिठ्ठ्या त्याच लिहायच्या.

भट्टीवरचा

मी तोच चुलतभाऊ. लिंक ह्यानंच पाठवली मला रात्री.

आधी एक सांगतो, मला कुणाला फसवायचं नव्हतं. मला खरंच ते साल वाटलं. शके वगैरे आमच्या पिढीला कोण सांगतंय, कॅलेंडरवर बारीक अक्षरात असतं ते कधी बघितलंय. पण डालडा वाचून गप्प बसलो, ते पान मी दहा वेळा बघितलं होतं आणि तो शब्द डोळ्यासमोर असून दिसला नाही.

पण माझी पण बाजू ऐका. दुकान मी चालवतो. चौकाचौकात अय्यंगार बेकऱ्या झाल्यात, ती माणसं हासनकडून येऊन इथं राबतायत, माल चांगला असतो, त्यांचा राग नाही. मॉलमध्ये पॅकबंद खारी मिळते, मोबाईलवर केक मागवतात. मैदा, तूप, लाकूड, पगार सगळं वाढलंय. मुंबईत २०२५ ला हायकोर्टानं लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस नाहीतर विजेवर जायला सांगितलं, उद्या आपल्याकडं पण आलं तर ही भट्टी ठेवता येईल का माहीत नाही. मग गिऱ्हाइकाला सांगायला माझ्याकडं वेगळं काय आहे, तर आमचं जुनेपण. म्हणून १८७३ बघून जीव सुपाएवढा झाला होता.

आणि भट्टीचं सांगतो कारण त्याच्यावर कुणी लिहीत नाही. आमची भट्टी विटांची, घुमटाची, तळाच्या फरशीखाली वाळू, मीठ आणि काचेचा चुरा भरलेला आहे, त्यानं धग धरून राहते. पहाटे बाभळीचं लाकूड घालून पेटवायची, जाळ बसला की निखारे बाजूला ओढायचे, ओल्या पोत्यानं तळ पुसायचा आणि चिमूटभर मैदा आत टाकायचा. लगेच काळा पडला तर थांबायचं, सावकाश तांबूस झाला तर पाव आत. मीटर-बिटर काही नाही. सगळ्यात आधी पाव, कारण त्याला कडक धग लागते. मग खारी, मग बिस्किटं, मग नानकटाईला अगदी मऊ धग. आणि शेवटी बटर, टोस्ट रात्रभर नुसत्या उरलेल्या उबेवर सुकतात. एका जाळावर चोवीस तासांचा माल निघतो. आजोबांनी घालून दिलेला क्रम आहे, अजून त्यात बदल नाही.

२०१९ ला पाणी उतरल्यावर भट्टी पूर्ण भिजलेली होती. घाईनं जाळ केला असता तर विटांतल्या पाण्याची वाफ होऊन घुमट फुटला असता. वडलांनी पहिल्या दिवशी नुसत्या गोवऱ्यांचा धूर केला. मग चार काटक्या. असं करत करत दहा-बारा दिवसांनी पहिलं लाकूड. तोवर रोज सकाळी हात लावून बघायचे भट्टीला, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. तरी उजवीकडं एक तडा गेलाच, तो लिंपून घेतलाय. पहिली लादी काढली त्या दिवशी गल्लीतली माणसं आपणहून आली होती, त्यांच्या घरात अजून चिखल होता, आणि गरम पाव तसाच हातात धरून रस्त्यात उभं राहून खात होती.

त्यामुळं १९५१ तर १९५१. पण मग ते तरी पक्कं करा. नंतर परत बदलायला लागलं तर छपाईचे पैसे दोनदा जातील.

मिरज_जंक्शन

भट्टीवरचा, पहिल्या लादीचं वाचताना डोळे भरून आले. त्या पुरात आमच्या मामाचं घर पण हरभट रोडच्या आत होतं, सगळं गेलेलं.

सालाची काळजी करू नका. पुण्यातली कयानी १९५५ ची आहे, तुमच्या जुन्या बोर्डावरचंच साल. तिथं श्रुजबेरी बिस्किटांना लोक सकाळपासून रांग लावतात, दीडशे वर्षं नाहीत म्हणून कुणी परत गेलेलं ऐकलं नाही. लोक चवीला येतात. आणि उद्या एखाद्या मोडी वाचणाऱ्यानं किंवा शाळेतल्या बाईंनीच बॉक्सवरचं १८७३ बघून शंका काढली असती, तर तुमच्या खरेपणावरच बोट आलं असतं, ते पचवणं अवघड होतं.

एक सुचवतो. 'स्थापना' हा शब्दच नको. वहीत जे सिद्ध आहे तेवढंच लिहा, १९५१ ची दिवाळी. त्याच्या आधीची असेल तर असूदे, पुरावा सापडला की बघू.

कृष्णाकाठचा

उशीर झाला उत्तर द्यायला, मुद्दाम थांबलो होतो. शनिवार-रविवार सांगलीला जाऊन आलो, सोमवारची रजा टाकून प्रॉपर्टी कार्ड पण काढलं.

जुने_कागद, तुमचा अंदाज शंभर टक्के बरोबर निघाला. सध्याची जागा आजोबांच्या नावावर झाली ती १९५५ ला, म्हणजे बोर्डावरचं साल जागेचं होतं. आणि गावभागातली ताई, खणभाग हा शब्द काढल्याबरोबर तात्या उठून बसले. म्हणाले, 'अरे हो, परड्यात एक मोठं चिंचेचं झाड होतं, त्याची फांदी भट्टीवर यायची आणि तिकडची पानं कायम सुकलेली असायची.' इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं म्हणून त्यांना पण आठवलं नव्हतं. तिथली भट्टी त्यांनी अगदी लहानपणी बघितलेली आहे, नवीन जागेत भट्टी बांधताना फरशीखालचं मीठ-काच पण त्यांना आठवतंय, घरातल्या फुटक्या बरण्या-बाटल्या सगळ्या त्यात घातल्या होत्या म्हणे.

पण ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नानं घरात वेगळंच झालं. वही कुणाच्या हातची हे मी कधी विचारलंच नव्हतं, आजोबांची असणार असं धरून चाललो होतो. वडलांना चष्मा दिला आणि वही पुढं ठेवली. त्यांनी पहिलं पान बघितलं, मग दुसरं, मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, 'हे आईचं अक्षर आहे. आबांना सही करता यायची, बाकी लिहिता कुठं यायचं.'

आजी चौथीपर्यंत शिकलेली होती. आजोबा भट्टीवर आणि आजी आत बसून चिठ्ठ्या, उधारी, सामानाचं वजन, कुणाचं तूप कुणाचा डालडा हे सगळं तिचं. शेवटच्या पानांवर तर मापं पण आहेत, नानकटाईला मैद्याच्या किती पट तूप, पावसाळ्यात पाणी किती कमी घ्यायचं, आणि एका कोपऱ्यात 'धग उतरल्यावर, आधी नको' असं दोनदा अधोरेखित केलेलं. आम्ही आजपर्यंत सगळीकडं आजोबांचंच नाव सांगत आलो. आजीचा नुसता देवघरात फोटो आहे. भावाला मी फोन केला तेव्हा तो दुकानात होता, ऐकून म्हणाला थांब, आणि गल्ल्यावरून उठून आत भट्टीपाशी जाऊन बोलला माझ्याशी.

बॉक्सचा मजकूर काल प्रेसला गेला. झाकणावर 'सांगली, १९५१ च्या दिवाळीपासून' आणि आतल्या बाजूला वहीच्या पहिल्या पानाचा फोटो, तिच्या अक्षरात, जसाच्या तसा. साल कुठलं ते बारीक अक्षरात खाली लिहिलंय, शके १८७३ म्हणजे इसवी सन १९५१, म्हणजे परत कुणाच्या घरात आमच्यासारखं व्हायला नको.

ताई, तुमचा पत्ता मला मेसेजमध्ये पाठवा, तुमच्याकडं मी स्वतः येणार आहे, आजीबद्दल अजून जे काही आठवतंय ते ऐकायचंय.

आणि सगळ्यांना एक विनंती. त्या पानावरच्या मास्तरीणबाई, पोस्टातले, वखारवाले, दवाखान्यातल्या बाई, यांच्या घरातलं कुणी हे वाचत असेल तर येत्या दिवाळीला या. परात, पातेलं, डबे घेऊन या, पूर्वी यायचे तसे. भाजणावळ घेणार नाही. मास्तरीणबाईंचे चार पत्रे, पोस्टातले चार, वखारवाल्यांचे अकरा, आणि दवाखान्यातल्या बाईंचे तीन बिनअंड्याचे, वहीत आहेत तेवढे सगळे आमच्याकडून.